पिशवीतले श्रवणयंत्र

सोमवार: अतिदक्षता विभागातील परिचारिकेने माझ्या पत्नीच्या बांगड्या, कवळी आणि श्रवणयंत्र काढून, पिशवीत घालून माझ्या हाती दिले. मंगळवार: डॉक्टरांनी नोंदवले, ‘वय अठ्ठ्याहत्तर, जुना मधुमेह, मूत्रपिंडे निकामी, हाकेला प्रतिसाद नाही.’ ती परिचारिका आणि हे डॉक्टर यांच्यानंतर तिसरा जबाबदार मी. पिशवीच्या पोचपावतीवर सही माझी आहे.

बुधवारी पिशवी छातीशी धरून बसलो असता आतून बारीक शिटी आली. यंत्र दाबले गेले की ते असेच वाजते. भेटीच्या पाच मिनिटांत मी ते तिच्या कानात बसवले आणि हाक मारली. तिने डोळे उघडले.

“अहो, होतात कुठे इतके दिवस?”

“आजोबा, हे आधी सांगायचं ना,” डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी ती गेली. जुने आजार तिला नेणारच होते, हे मला मान्य आहे. परंतु वृद्ध माणूस गप्प का, असे कोणी विचारत नाही. आजारांची यादी वाचली की सर्वांचे समाधान होते.

यंत्र आता कपाटात आहे, बॅटरी काढलेली. शिटी तरीही ऐकू येते.

तिच्या त्या तीन दिवसांच्या एकटेपणाचे उत्तर रुग्णालयाच्या अधीक्षकांनी जाहीरपणे द्यावे. माझे मी वर दिले आहे.