बल्गेरियाला आम्ही तिघंच

स्वस्तात प्रवास कसा करायचा, ते मला विचारावं. बढाई मारत नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा, ते माझाच नंबर देतील. पंचवीस वर्षांत मी पूर्ण भावाचं विमानाचं तिकीट काढलेलं नाही. जे काढतात त्यांची मला खरंच कीव येते.

त्यामुळे गेल्या सप्टेंबरात लेकीचा फोन आला तेव्हा मी मनातून खूशच झाले. ती मिशिगनमध्ये ॲन आर्बरला विद्यापीठात संशोधन करते. सत्तावीस वर्षांची आहे, मराठी बोलते पण अर्ध्यात इंग्रजीवर जाते. म्हणाली, "आई, या हिवाळ्यात मला स्कीइंगला जायचंय. तू, बाबा आणि मी. जस्ट अस. फक्त आपण तिघं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी आयुष्यात कधी स्कीवर उभी राहिले नव्हते. नवराही नाही. पण ते नंतर बघता आलं असतं, आधी जागा शोधायला हवी होती. नवरा म्हणाला, "वर्माँटला जाऊ, गाडीनं पाच तास." मी वर्माँटच्या स्की-तिकिटांचे भाव काढले आणि लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं. "हे एका दिवसाचं?" "एका माणसाचं, एका दिवसाचं. हॉटेल वेगळं." त्यानं लॅपटॉप मिटला.

मग मी युरोपात शिरले. आल्प्सची मोठी नावं आधीच बाद केली, तिथं नावाचेच पैसे घेतात. शोधत शोधत बल्गेरियावर आले. बान्स्को नावाचं डोंगराच्या पायथ्याचं गाव. सोफियाला उतरायचं, तिथून तीन तास व्हॅन.

"बल्गेरियात बर्फ असतो?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही, नारळ असतात. बर्फ असल्याशिवाय मी बघेन का?"

फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा भाव चढतात, म्हणून मी मार्चचा दुसरा आठवडा धरला. मंगळवारी निघायचं. स्की आणि बूट तिथंच भाड्यानं, पण हातमोजे आणि आतले गरम कपडे इथूनच, गेल्या वर्षी सीझन संपताना सेलमध्ये घेतलेले. एका घरगुती हॉटेलात नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच होतं. विमानासकट सगळं धरूनही आठवडाभराचं वर्माँट महाग पडत होतं. मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू!

आणि मग दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी तोंड उघडलं.

सांगायला नको होतं. पण स्वस्तात मस्त काही सापडलं आणि चारचौघांत सांगितलं नाही, तर त्या सापडण्याला काय अर्थ? मी चकल्यांच्या ताटाजवळ उभी राहून बल्गेरिया सांगितला. पार्सिपनीहून आलेली एक मैत्रीण लगेच म्हणाली, "अय्या, आम्ही पण येतो!" आणखी दोन घरांनी तर पडत्या फळाची आज्ञा मानली. तासाभरात तिघांचे चौदा झालो. फोनवर ग्रुप झाला. मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगते, मला म्हणायचंच नव्हतं. चौदा माणसं म्हणजे अख्खं शॅले, डोंगरातलं लाकडी घर, भाड्यानं मिळतं, माणशी खर्च हॉटेलच्या निम्म्यावर येतो. आणि आपल्याकडे तिघंच कोण ट्रिपला जातं? चार घरं सोबत असली की बरं असतं. लेक तिघंच म्हणाली होती, पण एवढी सगळी मंडळी बघून खूशच होईल, असं मी धरून चालले.

घर नक्की झाल्यावर मी तिला फोन केला. सगळं एका दमात सांगितलं. कोण कोण येतंय, कोणत्या काकूंनी मेतकूट आणायचं, कुणी कुकर. "आणि किचन काय मोठं आहे माहितीये? सहा बर्नर!"

मी खोल्यांची वाटणी सांगायला लागले, तोच तिनं मला तोडलं.

"यू प्रॉमिस्ड, आई."

"अगं, पण निम्म्या पैशात..."

"तू तिथंही किचनमध्येच असशील," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. "तुम्ही सगळे जा. मला लॅबमध्ये काम आहे." आणि तिनं फोन ठेवला.

मी चिडले. नवऱ्यासमोर तणतणले. एवढं केलं, त्याचं हे! तो भांडी पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "पोकोनोजची केबिन आठवते?"

आठवत होती. लेक नऊ-दहा वर्षांची असताना आम्ही चार-पाच घरं मिळून दर हिवाळ्यात पोकोनोजच्या डोंगरात केबिन घ्यायचो. पोरं दिवसभर बर्फात, शाळेच्या स्की क्लबात शिकलेलं सगळं करून बघायची. बाबालोक पत्ते खेळायचे. आम्ही बायका आत, आणि आमच्यात मी मुख्य. ती दारातून आत यायची, नाक लाल, बुटांचा बर्फ सगळ्या फरशीवर. "आई, मी मोठ्या स्लोपवरून येते आता. न पडता. चल ना बघायला."

"पोळ्या झाल्या की येते."

पोळ्या झाल्या की भाजी असायची. भाजी झाली की चहा. मग साडेचारला अंधारायचं. तीन हिवाळे ती विचारत राहिली. मग तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

मी खुर्चीवर बसले आणि रडले. लाज वाटली म्हणून रडले, उगाच दुसरं कारण सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांनी तिनं पुन्हा विचारलं होतं, आणि मी पुन्हा पोळपाट काढून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही घरांना फोन केले. मेसेज टाकून मोकळी झाले असते, पण चूक माझी होती, तेव्हा ऐकून घेणंही माझंच. म्हटलं, शॅले तुमचं, तारखा तुमच्या, सगळा प्लॅन फुकट घ्या, पण आम्ही वेगळ्या आठवड्यात जाणार, तिघंच. दोघींनी समजून घेतलं. पार्सिपनीवाली म्हणाली, "अगं, मग स्वयंपाकाचं कोण बघणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तिचा काय दोष? पंचवीस वर्षं मीच तर बघत आले होते. "तिकडे पिझ्झा मिळतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. अजून ती मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला बघून न बघितल्यासारखं करते. करू दे.

मग आधी शोधलेलं तेच घरगुती हॉटेल बुक केलं. माणशी महाग पडलं. महागडा पर्याय मी जाणूनबुजून निवडल्याचं पाहून नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. लेकीला मी फक्त बुकिंग पाठवलं. तीन नावं, आणि खोलीला किचन नाही. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "ओके. थँक्सगिव्हिंगला घरी येते. तुला प्रॅक्टिस लागेल."

आमच्याच न्यू जर्सीत एका मॉलमध्ये छपराखाली खरा बर्फ आहे. बाहेर पार्किंग, आत डोंगर. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी ती मला तिथं घेऊन गेली. ते बूट घालताना मी घामानं न्हाले. उभी राहिले, पडले. परत उभी राहिले, पाच फूट गेले, पडले. शेजारी सहा वर्षांचं एक पोर मला ओलांडून सुळकन गेलं. लेक हसून हसून वाकली, आणि मीही.

मग तिनं मला खाली कठड्यापाशी नेऊन उभं केलं. "इथंच थांब." वरती गेली. तिथून हात केला.

मी हातात लाटणं नाही, पोळपाट नाही, काही नाही, नुसती उभी होते. ती खाली आली. सरळ नाही, डावीकडे उजवीकडे वळत, गुडघे वाकवून, अगदी सहज, माझ्यासमोर येऊन बर्फ उडवत थांबली. नाक लाल.

"बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं. "परत जा."

"परत?"

"परत. आज माझ्या पोळ्या झाल्यात."

ती तोंड फिरवून वर गेली. आमच्याकडे दोन तासांचं तिकीट होतं. मी एक मिनिटही हलले नाही.