अप्पा, युक्रेन आणि दृष्टीची भाकर

अप्पांना जाऊन महिना झाला, तरी आमच्या जुन्या बोअर-मशीनवरची मंडळी भेटली की दुसरा विषयच निघत नाही. एकानं किस्सा काढला की दुसरा म्हणतो, तो राहू द्या, आधी हा ऐका. तेवढ्यात दोन चहा होतात आणि उशीर झाला म्हणून घरी बोलणी बसतात. बसू देत. अप्पांची आठवण येते आणि मला ती काढायला आवडते.

शिवलिंगअप्पा उदगीरचे, सरकारी बोअर-मशीनवर ड्रिलर. मी नांदेडचा, त्याच मशीनवर भूवैज्ञानिक. बोअर कुठं घ्यायचा तो पॉइंट मी द्यायचा, भोक अप्पांनी पाडायचं. पाणी लागलं तर हार अप्पांना, नाही लागलं तर शिव्या मला. अशी आमची वाटणी होती.

मशीनचं ट्रेनिंग घ्यायला ऑफिसनं त्यांना सहा महिने युक्रेनमध्ये पाठवायचं ठरवलं, कीव शहरात. अप्पा धावत घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "मला कीवला पाठवायलेत."

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बरं झालं. कुणाला तरी तुमची कीव आली."

*

अप्पा तिथून मशीन शिकून आले आणि नाचही शिकून आले. हॉस्टेलजवळच्या हॉलमध्ये लोक नाचायचे. हे आधी नुसते बघत बसले, मग राहवेना. उकिडवं बसायचं आणि तालावर एकेक पाय समोर फेकायचा, असा तो नाच. क्वार्टरचं दार उघडं टाकून ते रोज सकाळी तिन्ही मुलींना शिकवायचे. मुली दमल्या की त्यांना दूध, आणि स्वतः एकटेच चालू.

समोर नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी हे चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी त्या अक्कांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "चुकलं असेल त्यांचं काही. पण रोज एवढ्या उठाबशा काढायला लावू नका हो."

*

कुणी 'रशियन डान्स' म्हटलं की अप्पा लगेच अडवायचे. "रशिया न्हाई. युक्रेन." एकदा आमचे साहेब चिडले. सगळं एकच की, म्हणाले, उगाच कशाला फोड करता!

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि साहेब पक्के लातूरचे. अप्पांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुमाला उस्मानाबादवाले म्हणलं तर चालंल का?"

पुढं साहेबांनी कधी रशियाचं नाव काढलं नाही.

*

नव्या जिल्ह्याचा एक कार्यक्रम होता. त्यात अप्पांच्या मुलींचा नाच ठेवला. तिकडची रीत अशी की नाचाआधी पाहुण्यापुढं पाव आणि मीठ धरायचं. पाहुण्यानं तुकडा मोडून मिठाला लावून खायचा. म्हणजे स्वागत झालं. पावाच्या जागी अक्कांनी ज्वारीची भाकर दिली.

थोरली भाकर-मीठ घेऊन पुढं झाली. पाहुण्यांना वाटलं, दृष्ट काढतायत. ते डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले. पोरगी थांबली, सगळे थांबले. शेवटी अप्पा कानाशी जाऊन म्हणाले, "साहेब, खायचंय."

पाहुणे म्हणाले, "नको, जेवण करून आलोय."

*

त्या वर्षी दुष्काळ असा होता की मशीन गावात शिरताना लोक हलगी वाजवायचे आणि कोरडी निघाली तर चाकांपुढं आडवे व्हायचे. देवणीकडच्या एका गावात माझे तीन पॉइंट कोरडे गेले. चौथा बोअर दोनशे फुटांवर पोचला, तरी नुसती धूळ. त्याखाली जायची आम्हाला परवानगी नव्हती. मी मशीन बंद करायला सांगितली आणि लोकांनी गाडीला वेढा घातला. सरपंच म्हणाले, पाणी न्हाई तर मशीन बी न्हाई. कुणीतरी पुढच्या दोन्ही टायरांची हवा सोडली.

अप्पा पलीकडं कॉम्प्रेसरपाशी वाकलेले होते. इकडून एक म्हातारी आली. हातात भाकर, भाकरीवर मिठाचे खडे. मशीनला नजर लागलीय म्हणत तिनं ती तीन वेळा मशीनवरून ओवाळली आणि लांब टाकायला म्हणून वळसा घालून निघाली. तेवढ्यात अप्पा वर उठले. समोर बाई, दोन्ही हातांत भाकर आणि मीठ! अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी लवून नमस्कार केला, तुकडा मोडला, मिठाला लावला आणि खाल्ला.



"अरं बाबा," म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "दिष्टीची भाकर खाल्ली की तू. मशीनची पीडा आता तुझ्या अंगावर आली."

अप्पा क्षणभर गडबडले. मग तोंडातला घास गिळला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मीठ ते मीठ, साहेब. ह्या गावचं खाल्लंय. आणखी दोन रॉड टाकतो. मेमो माझ्या नावावर घ्या."

मी नाही म्हणू शकलो नाही. मशीन चालू झाली. वेढा घातलेले लोक मागं सरकले. म्हातारी मात्र अप्पांच्या समोरच बसली. तिचं लक्ष भोकाकडं नव्हतं, अप्पांच्या तोंडाकडं होतं.

पहिला रॉड संपला, धूळच. दुसरा अर्धा गेला. आवाज बदलला, धूळ बसली, चिखल उडायला लागला, आणि मग पाण्याचा फवारा थेट मशीनच्या वर गेला.

अप्पांनी मशीनवरून खाली उडी मारली, चिखलात उकिडवे बसले, हात छातीवर बांधले आणि एकेक पाय समोर फेकायला लागले.

म्हातारीनं किंकाळी फोडली, "झटकं आलं! बाधली भाकर!" सरपंचानं अप्पांचे खांदे धरले, दोघांनी पाय धरले. अप्पा हसत होते, पाय सोडवत होते, त्यानं लोक आणखी घाबरले. मागून एक जण ओरडत होता, पाणी लागलं, पाणी बघा रे!

म्हातारी अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन त्या ओरडणाऱ्यावर कडाडली, "पाणी मग बघू! आधी कांदा आणा!"