टॅनरची चिठ्ठी

"शी, चामडं," अनघा म्हणाली, आणि माझ्या मुलीच्या हातातली चिठ्ठी दोन बोटांच्या चिमटीत धरून तिनं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. मग बोटं नॅपकिनला पुसली. साधा पिवळा कागद होता तो. त्यावर टीचरच्या अक्षरात एकच शब्द: टॅनर. म्हणजे कातडी कमावणारा.

अमेरिकेतल्या रेडमंडमधलं अनघाचं गॅरेज. बाहेर पाऊस. पाचवीच्या मुलांचा कलोनियल डे होता आणि आम्ही दोन-तीन मराठी आया जुन्या पद्धतीच्या टोप्या शिवायला जमलो होतो. इंग्रज या देशात आले, वसाहती केल्या, तेव्हा ती गावं कशावर जगायची, हे मुलांनी स्टॉल लावून दाखवायचं. त्यासाठी टीचरनं चिठ्ठ्या काढल्या होत्या. कुणी लोहार, कुणी बेकर, कुणी पिंप बनवणारा, कुणी तंबाखूवाला. ज्यांची जमीन घेतली त्यांची चिठ्ठी नव्हती. गुलामाची तर नव्हतीच. माझ्या ईशाला टॅनर आला होता आणि ती खुशीत होती.

"बदलून माग गं टीचरकडून," अनघा सुईत दोरा ओवत म्हणाली. "आपल्या मुलींना कसलं हे ढोराचं काम."

ती वाईट मनानं बोलली नव्हती. म्हणूनच इतकं सहज बोलली. सहा वर्षं ओळखते मला. माझ्या घरी जेवते, मुलींना आलटून पालटून शाळेत सोडतो आम्ही. तिला माहीत नव्हतं की मी ढोर आहे. जातीनं. सोलापूरकडच्या एका गावातल्या ढोर गल्लीतली. आमच्या आडनावावरून काही पत्ता लागत नाही. मुलीचं नावसुद्धा असंच निवडलं होतं, कुणाला काही कळू नये असं.

"हो ना," मी म्हटलं. "आजच मेल करते." आणि हसले. कुणी मला हसायला लावलं नव्हतं. मी आपणहून हसले.

घरी येऊन खरंच मेल केला. टीचरला लिहिलं, आमच्या धर्मात चामड्याला हात लावत नाहीत, कृपया ईशाला दुसरं काम द्या. तासाभरात उत्तर आलं. बाई बिचारी चांगली. माफी मागितली, ही माहिती दिल्याबद्दल आभार मानले, आणि ईशाला मेणबत्त्यांचा स्टॉल दिला. ज्या जातीनं पिढ्यान् पिढ्या कातडी कमावली, तिची पोर मी एका मेलमध्ये सोवळी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी येताना ईशा गाडीत मागे बसली होती. सिग्नलला म्हणाली, "आई, युवर बॅग इज लेदर. द कार सीट इज लेदर. सो व्हॉट रिलिजन?"

मी म्हटलं, "नंतर बोलू."

"यू लाइड टू माय टीचर."

सिग्नल हिरवा झाला तरी मला कळलं नाही, मागच्यानं हॉर्न दिला.

मला माझी शाळा आठवली. माझ्या बाकावरची मुलगी ओढणीचं टोक नाकाला लावून बसायची. बाई फळ्यावरून वळल्या की खाली घ्यायची, पाठ फिरली की पुन्हा वर. मी घरी येऊन केसांना दोनदा साबण लावायचे. आणि दादांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, चिडायचे. त्या मुलीवर कधी चिडले नाही. एवढी अक्कल तेव्हा नव्हती. आता चाळिशीत तरी कुठे होती?

शनिवारी सकाळी दादांना व्हिडिओ कॉल असतो. ईशानं फोन माझ्या हातातून घेतला आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत थेट विचारलं, "आजोबा, चामडं कसं बनवतात? तुम्हाला माहितीये का?"

तिनं सहजच विचारलं होतं. सगळ्यांच्या आजोबांना सगळं माहीत असतं, म्हणून. मी ओट्यापाशी उभी होते, माझे हात थांबले. मग दादांचा आवाज आला. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

"बाळे, तिला सांगू का नको, ते सांग आधी."

माझा बाप मला परवानगी मागत होता. ज्या कामावर त्यानं मला इंजिनिअर केलं, त्या कामाचं नाव घेऊ का, असं विचारत होता. नखं अजून तपकिरी आहेत त्याची. माझ्या लग्नात मी त्याला म्हटलं होतं, "दादा, हात जरा खिशात ठेवा." तो पूर्ण लग्नभर ते खिशात ठेवून उभा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

"सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा, दादा."

पाऊण तास बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नाही. केस निघावेत म्हणून कातडं चुन्यात कसं टाकायचं. मग त्याची पिशवी शिवून, बाभळीच्या सालीचं पाणी भरून ती कशी टांगायची. पाणी झिरपतं, ते पुन्हा वरून ओतायचं. ईशा लिहून घेत होती. तिनं सांगितलं, इथले टॅनर ओकची साल वापरायचे, वर्षभर खड्ड्यात ठेवायचे. दादा म्हणाले, "म्हणजे त्यांनाही साल लागायचीच की."

मग ईशानं वाचलेलं सांगितलं. जोडे, घोड्याचं सामान, लोहाराचा भाता, सगळ्याला चामडं लागायचं. वासामुळे कारखाना गावाच्या टोकाला, नदीपाशी असायचा. "बट द टॅनर वॉज इम्पॉर्टंट, आजोबा. ही व्होटेड इन द टाउन मीटिंग."

हे मी तिला मराठीत करून सांगायला लावलं. दादा म्हणाले, "आमच्याकडं वासाबरोबर माणूसही गावाबाहेर." मग त्यांनी मोटेचं सांगितलं. गावाच्या विहिरीतून मळ्याला पाणी काढायची मोट त्यांच्या बापानं कमावलेल्या कातड्याची असायची. आणि त्या बापाला त्या विहिरीवर चढता येत नव्हतं. पाणी वरून ओंजळीत ओतायचे.

"व्हाय?" ईशानं विचारलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. यावेळी मी बोलले. जात म्हणजे काय, आपली कोणती, मी काय लपवलं आणि टीचरला काय खोटं लिहिलं, सगळं सांगितलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "कशाला उकरून काढतेस यार, सगळं सुरळीत चाललंय." मी म्हटलं, "तोंड दाबून चाललंय. त्याला सुरळीत म्हणू नकोस."

टीचरला दुसरा मेल लिहायला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला. मी खोटं बोलले, मला भीती वाटली, ईशाला तिचं काम परत द्या. माझ्या वडिलांचं हेच काम होतं.

कलोनियल डेला मी ईशाच्या स्टॉलमागे उभी राहिले. दुकानातून आणलेल्या कातड्याच्या तुकड्यावर ती पोरांना हात फिरवायला सांगत होती. अनघा तिच्या मुलीच्या पावाच्या टोपलीपाशी होती, ती आमच्याकडे आली.

"अगं, बदलून नाही दिलं का? आणि ही पोर इतकं सगळं कुठून शिकली?"

"माझ्या वडिलांकडून," मी म्हटलं. "ते ढोर आहेत. मी पण ढोर. तू म्हणालीस ना त्या दिवशी, ढोराचं काम. हेच ते."

तिचा चेहरा पडला. इकडेतिकडे बघत हळू म्हणाली, "अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. फक्त माझ्यासमोर म्हणायचं नव्हतं."

ती गेली. मी टेबलाची कड धरली होती. ईशानं विचारलं, "आर यू ओके?" मी म्हटलं, "नाही. तू चालू ठेव."

सोमवारी अनघाचा मेसेज आला. शेड्यूल जुळत नाही, मुलींना आपापलं सोडू या. मेसेजच्या शेवटी हात जोडलेली खूण. नवरा म्हणाला, "झालं समाधान?" समाधानासाठी कुणी केलं होतं? मला झोप नीट लागत नाही, ऑफिसात लक्ष लागत नाही. पण केसांना दोनदा साबण लावणारी मुलगी मी पुन्हा होणार नाही, आणि माझ्या पोरीला होऊ देणार नाही.

येत्या शनिवारी मराठी लोकांचा पॉटलक आहे, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ न्यायचा. अनघा असेल, तिनं ज्यांना माझी जात सांगितली असेल ते सगळे असतील. मी जाणार आहे. दादांना इकडे बोलावलंय, व्हिसा झाला की पुढच्या वेळी तेही येतील, आणि खिशात हात न घालता बसतील. माझ्या डब्यातलं खायचं नसेल त्यानं खाऊ नये. माझ्याशेजारी बसायचं नसेल त्यानं उठून जावं.

मी उठणार नाही.