काठावरची शिट्टी

माझ्या आत्याला सगळे शिट्टीबाई म्हणतात. कॉलेजच्या तलावावर ती पोरांना पोहायला शिकवते. गळ्यातली शिट्टी तिनं स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही काढलेली नाही. आवाज असा, की पाण्याखाली बुडी मारलेल्यालाही शिवी ऐकू जावी. "अरे, धोंडासुद्धा बुडताना तुझ्यापेक्षा कमी पाणी उडवतो," म्हणायची, आणि तोच धोंडा धापा टाकत काठाला आला की आपल्या टॉवेलनं त्याचं डोकं खसाखसा पुसायची. मूलबाळ नाही. एवढी ओली पोरं असताना कोरडं कशाला हवं, हे तिचंच बोलणं.

माझी धाकटी बहीण त्याच कॉलेजात शिकायला म्हणून आत्याकडे राहिली. दुसऱ्या वर्षी तिचं कुठंतरी बिनसलं. तासाला जाईना, धड जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मन मोकळं करायला एक बाई गाठून दिल्या, आणि वर्षभर घरी बसवायचं का ते पुढच्या भेटीत ठरवू म्हणाले. पोरीला त्या शब्दाचाच धसका. एकदा घरी बसले की कायमची बसले, असं तिनं घेतलं होतं. गोळ्या वेळेवर देणं आत्याला जमलं, समजूत काढणं काही जमेना. तिला विद्या एकच ठाऊक. डॉक्टरांना विचारून ती बहिणीला रोज सकाळी तलावावर नेऊ लागली.

आधी नुसते पाय पाण्यात. मग कडेकडेनं. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत, निवांत. पाण्यात तोंड घातलं की डोक्यातली कटकट थांबते, श्वास कधी घ्यायचा एवढंच बघायचं, असं बहीण मला फोनवर म्हणाली. तिला झोप लागू लागली. एकदा तर तिनं आत्याच्या ताटातला घास पळवला.

आणि इथंच आत्यानं माती खाल्ली. पोरीचा हात पाण्यात सुरेख पडतो, हे तिच्या नजरेत भरलं. जित्याची खोड, शिट्टी तोंडात गेलीच. काठावरून धावत ओरडणं सुरू झालं, आणि पोरीला न विचारता स्पर्धेत नावही घालून आली. दुसऱ्या दिवशी बहीण उठली नाही. पुन्हा तीच भिंत.

आत्या पलंगाशी आली. बहीण भिंतीकडे बघतच म्हणाली,

"पाण्यातही पहिलंच यायचं का गं, आत्या?"

आत्यानं जाऊन नाव काढून टाकलं. परत आली, गळ्यातली शिट्टी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "चल. आज मीही उतरते."

उतरली खरी, पण काठावर उभं राहण्यात वर्षं गेलेली. अर्ध्यातच आत्याच्या छातीचा भाता झाला, बहिणीला थांबावं लागलं. काठावरून कुणा पोरानं तिचाच धोंड्याचा टोमणा तिला परत केला. बहीण इतकी हसली की नाकात पाणी गेलं.

मग रोज दोघी जोडीनं. एक दमली की दुसरी थांबायची. गोळ्या चालू, त्या बाईंकडे जाणंही चालू. काही सकाळी पोरगी उठत नसे. त्या दिवशी आत्या एकटीच जाई, कुरकुर न करता.

डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या दिवशी काठावर बसून बहीण म्हणाली, "उद्यापासून जरा लवकर येऊ या. मला पहिला तास गाठायचाय."

आत्यानं टॉवेल ओढला आणि पोरीचं डोकं असं खसाखसा पुसलं, की ती ओरडली, "आत्या, कान राहू दे!"