मेंदूसर आणि रहाडीचा दिवस

मेंदू शिकवायला सर बाजारातून फ्लॉवरचा गड्डा आणत, म्हणून ते मेंदूसर. नव्वदच्या दशकातला आमचा दहावीचा वर्ग. गड्डा टेबलावर ठेवून ते म्हणत, "हा प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू. विचार, आठवण, बोलणं, सगळं इथे." मागच्या बाजूचा छोटा तुरा चिमटीत धरत, "हा अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू. तोल सांभाळतो." मग देठावर बोट ठेवून आवाज खाली आणत, "हा मस्तिष्कपुच्छ. श्वास, हृदयाचे ठोके. याला सुट्टी नाही."

तास संपला की गड्डा घरी भाजीला जाई. "काकू, मेंदू शिजला का?" आम्ही त्यांच्या बायकोला विचारायचो. "शिजला. तुमच्या डोक्यात काही शिरलं का?" काकू विचारत.

सर दारूला शिवत नसत, भांगेलाही नाही. रंगपंचमीला मात्र जुन्या नाशकातल्या रहाडीत, जमिनीत खणलेल्या त्या रंगाच्या हौदात, उडी टाकून धप्पा मारल्याशिवाय राहत नसत. मी नोकरीला लागल्यावरही आम्ही बरोबर जायचो.

एका वर्षी ते रहाडीतून वर आले ते झोकांड्या खातच. जीभ जड झालेली. "सरांना ठंडाई पावली!" पोरं ओरडली.

"मी घेतली नाही रे," सर म्हणाले. भांग चढलेला माणूसही हेच म्हणतो. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा की पावलांवर, मला कळेना. तेवढ्यात सरांनी डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याकडे नेलं. ते गालावर टेकलं.

"अनुमस्तिष्क," ते म्हणाले. "दवाखान्यात चल. लवकर."

रिक्षावाला कुरकुरला, "पिलेले हे का हो? सीट नवीन हे."

लहान मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळपर्यंत सर बेशुद्ध झाले. पंधरवड्याने डॉक्टर म्हणाले, "श्वास त्यांचा तेच घेताहेत. पण मोठ्या मेंदूकडून काही प्रतिसाद नाही."

काकूंनी मला बाजूला घेतलं. "तू त्यांचा विद्यार्थी. सरळ सांग. श्वास चालू आहे, म्हणजे हे आहेत ना रे?"

हिशेबाच्या गोष्टी मला कळतात. कोणता भाग चालू, कोणता बंद, तेही पाठ होतं. पण त्यातून सर किती उरले, ही वजाबाकी जमेना. "माहीत नाही, काकू," मी म्हणालो.

सर पावसाळ्यापर्यंत राहिले. काकू रोज उशाशी बसून बोलत: नळाला पाणी कमी येतं, शेजारच्यांनी गाडी घेतली, कढी आज फुटली. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत, सरांना उत्तर द्यायला लागला असता तेवढा वेळ. मीही थांबायचो.