बसून वाचायचं पुस्तक

सर खुर्चीत बसून वाचायला लागले, की समजायचं, हे पवित्र शास्त्र नव्हे. शास्त्र ते उभं राहून वाचत. बसून वाचत ती मधली पुस्तकं: तोबित, मक्काबी वगैरे. बायबलातल्या जुन्या आणि नव्या कराराच्या मधे त्यांनी ती मुद्दाम बांधून घेतली होती. "वाचायची, अगदी आवडीने वाचायची. पण त्यांच्यावर घर बांधायचं नाही," असं दर वेळी बजावायचे आणि मगच चष्मा लावायचे.

गंमत अशी, की बसणं या माणसाला जन्मात जमलं नाही. बूड टेकलं की पाय हलायला लागायचा. मग खिडकी लाव, पंखा कमी कर, परत खिडकी उघड. तुमच्याही शेजारी असेल असं एखादं माणूस, ज्याच्याकडे नुसतं बघून आपल्याला धाप लागते.

परळच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला तरी आम्ही दारं उघडीच ठेवायचो. सरांचं दार माझ्या दारासमोर. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, पंथाने लूथरन. त्यांच्या चर्चची मंडळी एवढीशी, की गुरुवारचा शास्त्राभ्यास सरांच्या हॉलमध्ये आरामात मावायचा. मी इकडे भाजी निवडता निवडता सगळं ऐकायची. पहिल्या काही शतकांतले बिशप नि पंडित सर असे सांगत, जसे काही मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात. बेथलेहेमात बसून बायबलाचं भाषांतर करणारा एक म्हातारा होता म्हणे, हुशार पण भारी तिरसट, कोणाशी धड पटलं नाही. ही मधली पुस्तकं बाकीच्यांपासून वेगळी धरा, असं तो तेव्हाच सांगून गेला होता. पुढे, ज्याच्या नावाने सरांचा पंथ, त्या लूथरने ती वेगळी काढली, पण फेकली नाहीत, यावर सरांचा फार जीव. "फेकायला काय, कोणीही फेकेल," ते म्हणत.

वहिनी वसईच्या, कॅथलिक. त्यांच्या बायबलात हीच पुस्तकं बाकीच्यांच्या पंगतीला. सर बसून वाचायला लागले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, उठा, देवाचं वचन आहे. सर म्हणायचे, तुमच्याकडे. एवढं झालं की दोघांचा चहा. संसारभर हे भांडण त्यांनी लोणच्यासारखं पुरवून खाल्लं.

मग वहिनी आजारी पडल्या. बऱ्या होणार नाहीत हे त्यांनाही कळलं होतं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी सरांकडे एकच गोष्ट मागितली: "मी गेले की माझ्यासाठी प्रार्थना कराल ना?"

मृतांसाठी प्रार्थना करायची ही त्यांच्याकडची रीत, आणि तिचा आधार नेमका त्या मक्काबीच्या पुस्तकात. लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी एक सेनापती प्रार्थना करवतो, अशी तिथे हकिकत आहे. म्हणजे बसून वाचायचं पुस्तक.

सर उत्तर न देता घरी आले आणि पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लागले. लिफ्टपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून लिफ्टपर्यंत. शेवटी मी भडकले. नुसतं हो म्हणायला काय जातं तुमचं, म्हटलं, बाईचा जीव टांगणीला लागलाय.

"मरणाऱ्या बायकोशी खोटं बोलू?" ते थांबून म्हणाले. "देवाने तिला कृपेने पदरात घेतलंय, यावर माझा विश्वास आहे. मग मी तिची शिफारस करणारा कोण?" आणि पुन्हा लिफ्टकडे चालू लागले. मला इतका राग आला त्यांचा, आणि त्याच वेळी रडूही आलं.

पुढे कित्येक दिवस पुस्तकं उपसणं चाललं होतं. सापडलं ते खुद्द लूथरचं. शास्त्र या बाबतीत काही सांगत नाही, तेव्हा कोणी आपल्या माणसासाठी मनापासून एकदा-दोनदा देवाला विनवलं तर त्यात पाप नाही, मग त्याच्यावर सोपवून गप्प राहावं, असं काहीसं. सर चपला उलट्यासुलट्या घालून हॉस्पिटलात धावले. डबा घेऊन मीही मागोमाग गेले. "करीन," ते वहिनींना म्हणाले. "एकदा-दोनदा."

वहिनींना हसू आवरेना. "अहो, भाजीतलं मीठ बघताय का?" मग त्यांचा हात धरून म्हणाल्या, "चालेल. पण मनापासून."

त्या गेल्या. शिवडीला माती देऊन आलो, त्या संध्याकाळी सरांनी मक्काबीतली ती हकिकत वाचली. बसूनच वाचली, तिथे माणूस ढळला नाही. पण प्रार्थनेला खुर्चीच्या दांड्यांवर हात रेटून ते अर्धवट उठले आणि तसेच राहिले, ना धड बसलेले ना उभे. "प्रभू, तिच्यासाठी तुझी आणखी काही कृपा उरली असेल तर ती होऊ दे." मग दारात उभ्या माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पहिली."

दुसऱ्या दिवशी दुसरी झाली. संपलं, म्हणाले.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच शब्द ऐकू आले. मी जाऊन दारात उभी राहिले. सर ओशाळले. "काल मन लागलं नव्हतं हो. ती धरायची नाही. ही दुसरी."

त्यानंतर रोज दुसरीच. कधी खाली हॉर्न वाजला म्हणून कालची बाद, कधी खोकला आला म्हणून. दिवसभर पॅसेजमध्ये भिरभिरणारा माणूस तेवढा वेळ जागचा हलायचा नाही. मी विचारायची, आज कितवी? "आजची दुसरी," ते अगदी गंभीरपणे सांगायचे. दुसरीच्या पुढे गेले नाहीत ते कधी, आणि थांबलेही नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सरही गेले. समोरचं दार आता बंद असतं. पॅसेजमधली शांतता मला सहन होत नाही. मीच उगाच लिफ्टपर्यंत जाऊन येते.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. मग खुर्चीत बसते, दांड्यांवर हात रेटून अर्धवट उठते आणि सरांचं ते वाक्य म्हणते, दोघांसाठी. मला ना त्यांचं शास्त्र कळतं, ना वहिनींचं. गुडघे मात्र दुखतात. काल मधेच कुकरची शिट्टी झाली, त्यामुळे ती काही धरायची नाही.

आजची दुसरी.