पाणी न आलेली पहाट

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात, तर बहुधा इथंही गप्पच बसलो असतो.

बेलवलीत आमची बैठी चाळ होती. एका ओळीत खोल्या, रस्त्याकडच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ, आणि दुसऱ्या टोकाला, आमच्या शेजारी, शांतारामभाऊंची खोली. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. कमी बोलणारा माणूस. एका थंडीत, पहाटे, त्यांच्याच उंबऱ्यावर कुणीतरी त्यांना भोसकलं. कोणी, ते आजवर कळलं नाही. का, तेही नाही.

का — हाच प्रश्न मग चाळीला पुरला. संध्याकाळी बाया-पुरुष ओट्यावर बसून दुसरं काही बोलेचनात.

"युनियनचं मॅटर असणार."

"कसलं युनियन! उल्हासनगरात, कॅम्प एकला त्याची बाई होती म्हणतात."

"कोण म्हणतं? तू बघितलीस?"

"मी कशाला बघू? ऐकलं."

मग समोर बसलेले पाटीलमामा माझ्याकडे वळले. "ए प्रोफेसर, उल्हासनगरला कॉलेजात जातोस ना? तू सांग. आमची डोकी गुल झाली."

प्रोफेसर हा मला मारायचा टोमणा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, एफ.वाय.ला होतो, आणि इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर लपून बसायचो — पण हे चाळीला कुठं ठाऊक? त्या दिवशी मात्र टोमणा नव्हता. सगळे खरोखर माझ्या तोंडाकडे बघत होते. तसं त्याआधी कोणी बघितलं होतं मला?

मी म्हणालो, "कडी तुटलेली नाही. म्हणजे दार त्यांनीच उघडलं. एवढ्या पहाटे माणूस दार कोणाला उघडतो? ओळखीच्याला." आणि जरा थांबून — हे थांबणं मला अजून आठवतं — मी पुढचं म्हणालो. "आणि वहिनी नेमक्या तेव्हाच माहेरी?"

सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, मुलीला घेऊन जांभूळ गावी गेली होती. तिची आई आजारी होती, आणि शांतारामभाऊ तिला पाठवत नव्हते, म्हणून तिचा भाऊ विलास येऊन दारात भांडला होता आणि तिला घेऊन गेला होता. ते भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं. विलासचं नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

"बघा, ह्याला म्हणतात शिक्षण," मामा म्हणाले.

ते बोलणं पोलिसांपर्यंत गेलं. विलासला नेलं, मारलं, आणि हाती काही लागेना तेव्हा सोडलं. पण त्याचं ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. वहिनी सामान न्यायला आली, तेव्हा चाळीतल्या एकाही दारातून तिला पाणी विचारलं गेलं नाही. आमच्याही नाही. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, कोवळं वय, बोलून गेला. तसं असतं तर हे लिहिलंच नसतं.

आमच्या नळाला पाणी पहाटे यायचं, पण कधी, त्याचा नेम नव्हता. म्हणून रात्री नळाखाली पत्र्याचा डबा पालथा घालून ठेवायचा. धार पडली की डबा वाजायचा, शांततेत तो चाळभर ऐकू जायचा. आठवडाभर एका घराची पाळी. पाळीवाल्यानं उठायचं आणि प्रत्येक दारावर थाप मारत हाक द्यायची — पाणी आलं! त्या हाकेला कोणी 'कोण आहे' विचारायचं नाही. कडी काढायची, हंडा उचलायचा, बाहेर पडायचं.

त्या आठवड्यात पाळी आमची होती. म्हणजे माझी.

त्या पहाटे मी जागा होतो, पांघरुणातच. आणि मी ऐकलं — शेजारच्या दारावर तळहाताची थाप, आणि हळू आवाजात, 'पाणी आलं.' मग कडी. मग फरशीवर हंडा आपटल्याचा आवाज. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी माझं काम केलं. आता थाप आमच्या दारावर पडेल म्हणून मी वाट बघत राहिलो. ती पडली नाही. तेव्हा लक्षात आलं — डबा वाजलाच नव्हता.

मी बाहेर आलो. भाऊ उंबऱ्यात पडले होते. हंडा गडगडत आमच्या दारापर्यंत आला होता. रिकामा, कोरडा.

मी ओरडायला हवं होतं ना? मी हंडा उचलला. त्यांना ओलांडून आत गेलो, मोरीच्या कट्ट्यावर तो जागच्या जागी ठेवला, परत त्यांना ओलांडून बाहेर आलो, आणि मग ओरडलो. कारण हंडा दिसला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, पाण्याची हाक कोणी दिली? आणि हाक द्यायची होती मी. ओलांडताना त्यांचे डोळे उघडे होते. बघत होते की नाही, ते मी खाली वाकून पाहिलं नाही.

तो माणूस कोण होता? आमची रीत त्याला कोणी सांगितली? त्याला खरंच तेच दार हवं होतं का, की बाजूचं? रात्री ह्याचा विचार करू लागलो की हाकेतला तो आवाज हळूहळू माझ्यासारखा होत जातो.

मागच्या वर्षी कॅम्प एकला वहिनी भेटली. एका दुकानाच्या मागे जीन्सचे धागे कापत बसली होती. मला बघून हसली. "एम.ए. करतोस म्हणे? कर बाबा." मग कात्री न थांबवता म्हणाली, "तू हुशार आहेस. मला एवढंच सांग, ह्यांनी दार कोणाला उघडलं? रात्रीचं कोणी आलं तर दहादा नाव विचारायचे. विलासला तर उघडलंच नसतं."

"विचार करतो, वहिनी," मी म्हणालो.

तिनं चहा मागवला. मी तो प्यायलो.

त्यांनी दार कोणा माणसाला उघडलं नव्हतं, वहिनी. पाण्याला उघडलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.